निळ्या पाण्यात टोचलेली टाचणी

वैशालीचा फोन आला तेव्हा माझा हात फोटो कटरच्या दांडीवर होता. कुणाचे तरी आठ पासपोर्ट फोटो कापायचे होते, चार कापून झाले होते. "काका, आई गेली," ती म्हणाली. सकाळी चहा ठेवला, ओट्यापाशी खाली बसली, आणि चहा उतू जाईपर्यंत कुणाला कळलंच नाही. अशा वेळी माणसाला आधी रडू येतं म्हणतात. मला आधी राग आला. कारण दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, हीच बाई माझ्या स्टुडिओत स्टुलावर बसून मला दटावून गेली होती, "त्या डेन्मार्कच्या बाईला पुन्हा लिहा. ती लिहिते म्हणाली म्हणजे लिहिते असं नसतं. पुढच्या रविवारी मी बघते." बघते म्हणालेलं माणूस असं न सांगता निघून जातं? मी फोन ठेवला, उरलेले चार फोटो कापले, गिऱ्हाइकाला पाकीट दिलं, शटर ओढलं आणि मग शटरला पाठ लावून फुटपाथवर बसलो.

वैशालीची आई म्हणजे आमची सिस्टर, शकुंतला साळवे. सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स. नोकरीची बरीच वर्षं पिशोरला गेली, पण घर इथं शहरात, पुंडलिकनगरात, माझ्या स्टुडिओपासून तीन गल्ल्या सोडून. आठवडाभर पिशोर आणि रविवारी घर, असं तिचं चालायचं. ती पहिल्यांदा माझ्याकडं आली ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला पाणी यायचं आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. गल्लीत टँकर शिरला की गिऱ्हाईक अर्धा फोटो टाकून बादली आणायला पळायचं. आणि त्याच वेळी बायपासच्या पलीकडं रोज एक नवी इमारत उगवत होती. मी त्याच प्लॉटवाल्यांना जाहिरातीसाठी हिरव्यागार लॉनचे फोटो जोडून द्यायचो, एवढा मी शहाणा.

तर त्या रविवारी एक ठेंगणी बाई आली. खांद्याला लसीकरणाच्या शिबिरात मिळते तसली पिशवी. काउंटरवर मोबाइल ठेवला आणि म्हणाली, "ओळखा बरं." भेगाळलेला गाळ, एक दगडी घाट, त्याच्या पायऱ्या… चौथी पायरी मधोमध तुटलेली. त्या पायरीवर आपटून माझा पुढचा दात पडला होता. निंबगव्हाण, आमचं गाव! पैठणच्या धरणाखाली ते गेलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. धरण आटलं की गाव वर येतं असं ऐकायचो, पण कधी गेलो नव्हतो. दगडं काय बघायची, म्हणायचो.

"तुम्हाला कसं कळलं मी तिथला?"

"पाटी वाचली. मालक कुलकर्णी, स्टुडिओचं नाव गोदा. म्हटलं विचारायला काय जातंय." मग म्हणाली, "तुमचे वडील गळ्यात डबा कॅमेरा घालून हिंडायचे. मी नऊ वर्षांची होते. साळव्यांची शकू, बौद्धवाड्यातली. तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाय."

खरंच नव्हतं. मूठभर घरांचं गाव, आणि त्यातली अर्धी पोरं माझ्या आठवणीत नव्हतीच.

तिला काय हवं होतं ते तिनं त्याच दिवशी सांगितलं. आडपडदा हा प्रकार तिला माहीतच नव्हता. गाव उठलं, सगळे नव्या वसाहतीत गेले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिची आई काविळीनं गेली. आईचा एकही फोटो नाही. "आवाज आठवतो मला. हातावरचं गोंदण आठवतं, टिंबांची ओळ आणि कोपरापाशी विंचू. पण तोंड पुसत चाललंय, कुलकर्णी. आधी असं नव्हतं. आता डोळे मिटले की निस्ता पदर दिसतो. मला एक फोटो पायजे. तेवढा एक मिळाला की झालं."

माझ्या काउंटरमागं वडिलांनी काढलेला गावाचा फोटो टांगलेला होता, मोठा केलेला. गाव सोडण्याआधीची शेवटची पौर्णिमा, सगळं गाव गंगेची ओटी भरायला घाटावर जमलेलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. सिस्टरनं तो फ्रेममधून काढायला लावला, चष्मा चढवला आणि इंचाइंचानं बघत उजव्या कडेला आली. तिथं एक अर्धा हात होता, कोपरापासून खाली, आणि घागरीचा गोल. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "ह्याच्या पुढं काय होतं?"

पुढं काय होतं ते मला माहीत होतं, कारण कापलं मीच होतं. तेव्हा मी विशीत होतो, डार्करूममध्ये वडिलांच्या हाताखाली शिकत होतो. घाटाच्या खालच्या अंगाला वाळूवर बौद्धवाड्याचा पाणवठा होता. त्या दिवशी तिथल्या बाया बाजूला उभ्या राहून आमचा कार्यक्रम बघत होत्या, आणि त्या फोटोत आल्या होत्या. वडील म्हणाले, चौकट साफ कर. मी पट्टी धरली आणि ती कड उडवली. दुष्टपणानं नाही हो, फ्रेम नीट बसावी म्हणून. आमच्या धंद्यात हेच शिकवतात, मधला माणूस स्वच्छ ठेवायचा आणि कडेचा पसारा काढून टाकायचा. कडेला उभा असलेला माणूस पसारा कधी होतो, हे मात्र मी तोवर स्वतःला विचारलं नव्हतं.

"आणि निगेटिव्ह?" तिनं विचारलं. मी सांगितलं, एका पावसाळ्यात खोलीत पाणी शिरलं, सगळ्या फिल्मा एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला.

"लई साफ केलं व्हय," ती म्हणाली आणि मोबाइल पिशवीत टाकून निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, संपलं, ही काही पुन्हा माझ्या दारात यायची नाही. पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला बाई हजर! हातात दोनशे पानी वही. म्हणाली, "तुमच्याकडचा फोटो गेला. पण त्या काळात आपल्या भागात कॅमेरा काय एकट्या तुमच्या बापाकडं होता? शोधू. तुम्हाला इंग्रजी येतं ना? मग बसा."

फोटो वाटून घ्यायची एक साइट तिला वैशालीनं दाखवली होती. जगभरातले लोक तिथं आपापले फोटो टाकतात, जुने-नवे, कुणीही बघावेत, कुणीही खाली लिहावं. मला त्या साइटचा मनस्वी तिटकारा. लोक फुकटात फोटो वाटायला लागले तिथंच माझ्या धंद्यावर धोंडा पडला, हे मी तिला चारदा ऐकवलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "झालं तुमचं रडून? आता लिहा." तिची शोधायची पद्धत अस्सल नर्सची. पैठण, गोदावरी, धरणाचं बांधकाम, दुष्काळ, मराठवाडा… ज्यानं ज्यानं यातला एखादा जुना फोटो टाकला असेल त्याचं नाव वहीत, आणि प्रत्येकाला पत्र. उत्तर आलं तर बरोबरची खूण. नाही आलं तर फुली, पोलिओच्या फेरीत कुलूप असलेल्या दारावर खडूनं मारतात तशी. "फुली म्हणजे नाही म्हणाले असं नसतं," ती मला समजवायची. "फुली म्हणजे पुन्हा जायचं. एक घर सुटलं की सगळी मेहनत पाण्यात." एकेका माणसाला तिनं माझ्याकडून सहा-सहा पत्रं लिहवून घेतली. मला लाज वाटायची, तिला बिलकुल नाही.

त्या पत्रांतून आई नाही मिळाली, पण गाव मिळायला लागलं. घाटाचे फोटो तिनं साइटवर टाकले होते. त्याखाली एक दिवस पिंपरीहून कुणीतरी लिहिलं, "हा आमच्या ओट्याचा दगड." मग सुरतेहून एक जण, मग पैठणजवळच्या वसाहतीतल्या एका म्हातारीच्या नातवानं लिहिलं की आजी जात्याचा फोटो बघून रडतेय, जातं तिचं आहे. लोक आपल्याकडचे जुने फोटो पाठवू लागले. ते स्कॅन करून टाकायचं काम अर्थातच माझं. एका घरानं आजोबांचा फोटो पाठवला, मी तो मन लावून उजळला, डाग काढले, नाकावरचा काळा ठिपकाही काढला. दोन दिवसांनी निरोप आला, फोटो छान आहे पण हे आमचे आजोबा नाहीत. तो ठिपका म्हणजे त्यांची चामखीळ होती! गावभर त्यांना त्या चामखिळीवरून ओळखायचे. सिस्टर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "कुलकर्णी, हात जोडते, आता काही साफ करू नका. डाग राहू द्या. कुणाची ओळख कशात असती, तुम्हाला काय मालूम?"

मी हसलो, पण तिच्याकडं न बघता. एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती.

त्या साइटवर फोटो कुठं काढला ते नकाशावर दाखवता येतं. टाचणी टोचायची, की फोटो त्या जागी दिसतो. घाटाच्या फोटोसाठी तिनं टाचणी टोचली ती धरणाच्या ऐन मध्यात. नकाशात सगळीकडं निळं पाणी आणि त्यात ही एक लाल टाचणी. मी म्हटलं, "अहो सिस्टर, काठावर तरी टोचा." नाही म्हणजे नाही. व्हायचं तेच झालं. कुठल्याशा दूरच्या, भला असावा, माणसानं खाली लिहिलं, तुमची जागा चुकली आहे, तिथं तर पाणी आहे. सिस्टरनं माझ्याकडं न बघता स्वतः मराठीत टाइप केलं, एकेक अक्षर शोधत: "जागा बरोबर आहे. आम्ही तिथंच राहत होतो."

मला ते वाचून का कोण जाणे टोचलं. म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण? तुमचा पाणवठा वेगळा, आमचा वेगळा."

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "तुम्हाला यायचं असलं तर या त्यात."

पुढच्या उन्हाळ्यात धरण आणखी खाली गेलं तेव्हा तिनं सगळ्यांना गावावर बोलावलं. साइटवरून ओळख झालेले पंधरा-वीस जण, कुणी कुणाला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पैठणच्या एसटी स्टँडवर फोटो बघून एकमेकांना ओळखत होते. तिथून गाड्या, मग गाळातून चालत. ऊन असं की बोलायची सोय नाही. सिस्टरनं पिशवीतून जलसंजीवनीची पाकिटं काढली आणि एकेकाला दमात घेऊन पाजली. मग म्हणाली, "ज्यानं त्यानं आपापल्या घरात जाऊन उभं राहा." आणि काय सांगू, त्या मोकळ्या रानात माणसं बरोबर आपापल्या जागी गेली. मी घाटावरच्या आमच्या जोत्यावर उभा राहिलो. ती तिथून उतरून खाली चालत गेली, वाळूपर्यंत, आणि तिथून तिनं हात हलवला. फोटो पिंपरीचा माणूस काढत होता. लांबून तिचा आवाज आला, "कुलकर्णीऽ, ह्या वेळी कापू नका!" सगळे हसले, त्यांना ठाऊक नव्हतं. मला मात्र घाटावरून तिच्यापर्यंतचं ते अंतर एवढं मोठं वाटलं की पाय उचलेना… शेवटी उतरलो. खाली जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. त्या जागेवर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा होतो.

दुष्काळ संपला, धरण भरलं, गाव पुन्हा बुडालं. शहराला नवं नाव मिळालं, स्टुडिओसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर पाच मजले चढले. सिस्टर पिशोरहून निवृत्त झाली. रविवार चालूच होता, वही चौथी चालू होती. अशात मागल्या वर्षी एका फुलीची बरोबरची खूण झाली. डेन्मार्कमधली एक बाई. तिचे वडील पूर्वी विहिरी खोदायच्या कसल्याशा कामावर आपल्याकडं आले होते, त्यांच्या स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरवर बघायच्या रंगीत फिल्मा, तिनं साइटवर टाकल्या होत्या. एकाखाली एवढंच लिहिलेलं, नदीवर बायका, भारत. डाव्या कोपऱ्यात घाट, चौथी पायरी तुटलेली. चार बायका पाणी भरून निघालेल्या, सगळ्या पाठमोऱ्या. एकीच्या कमरेवर घागर, आणि घागर धरलेल्या हातावर टिंबांची ओळ. कोपराशी काळा डाग. मी तो स्क्रीनवर मोठा करत गेलो. विंचू होता.

सिस्टर स्क्रीनवर तळहात ठेवून बसली. मग म्हणाली, "आईय."

मला राहवेना. इतक्या वर्षांची गोष्ट मी त्या दिवशी ओकून टाकली. वडिलांच्या त्या फोटोत, कापून उरलेल्या अर्ध्या हातावरही असाच काळा डाग होता. मला वाटलं छपाईचा डाग आहे. मी तो ब्लेडनं खरवडून काढला होता, आणि वर ब्रशनं रंग लावला होता. तिच्या आईचा मी नुसता फोटो कापला नव्हता, ओळखायची खूणही पुसली होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी बोट फिरवलं होतं. खडबडीत लागलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमचं तुम्ही सांगाल म्हणून थांबले. फुली मारून ठेवली होती तुमच्यावर." आणि पिशवीतून पहिली वही काढून तिचं पहिलं पान तिनं माझ्यापुढं धरलं. पहिलं नाव माझंच होतं. त्यापुढच्या फुलीवर तिनं माझ्या पेनानं बरोबरची खूण केली. मला त्या वेळी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"पाठ मिळाली," ती उठता उठता म्हणाली. "आता तोंड मिळंल. तिच्या बापानं एकच फोटो थोडाच काढला असंल? लिहा, म्हणावं पुढची स्लाइड बघा." डेन्मार्कच्या बाईनं कळवलं की आणखी खोकी भावाकडं आहेत, बघून लिहिते. तिथून पुढं आम्ही तिला सात पत्रं लिहिली. आठवं लिहायचं ठरलं तो सिस्टरचा शेवटचा रविवार.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बौद्ध पद्धतीच्या शोकसभेला, वैशालीनं चारही वह्या माझ्या हातात दिल्या, आणि एका चिठ्ठीवर साइटचा पासवर्ड. म्हणाली, "काका, आईनं हे तुमच्यासाठी आधीच लिहून ठेवलं होतं." मी घरी न जाता तसाच स्टुडिओत गेलो आणि आठवं पत्र लिहिलं. सिस्टरची आई गेली तशी आता सिस्टरही गेली, हे लिहिलं. तरी स्लाइड हवीच आहे, हेही लिहिलं. पुढच्या रविवारी नववं.

तिसऱ्या रविवारी उत्तर आलं. सोबत सहा स्लाइड. पहिल्या पाचांत शेत, बैल, विहिरी. सहावीत त्याच चार बायका, कुणीतरी हाक मारली असावी, मागं वळलेल्या. घागरवालीनं डोळ्यांवर ऊन येतं म्हणून हात आडवा धरलाय, आणि त्या हाताच्या सावलीत अर्धं तोंड गेलंय. उरलंय ते नाक, ओठ, हनुवटी. ओठ असे घट्ट मिटलेले की आता ही बाई मला म्हणणार, झालं तुमचं रडून? मी वैशालीला बोलावलं, काही सांगितलं नाही, नुसतं दाखवलं. ती म्हणाली, "आईचा हा कुठला फोटो?"

मी तो मोठा छापला. बुरशीचे ठिपके आहेत, एका कडेला प्रकाश शिरून लाल पट्टा आलाय, सगळं तसंच ठेवलं. कटर त्या दिवशी उघडलाच नाही. काउंटरमागं वडिलांच्या फोटोच्या उजव्या बाजूला तो टांगलाय, जिथं मी कड कापली होती त्या बाजूला. मग पासवर्ड टाकला, फोटो साइटवर चढवला, खाली नाव लिहिलं: सखुबाई साळवे, निंबगव्हाण. नाव तिच्या वहीत होतं. आणि टाचणी टोचली, निळ्या पाण्याच्या मधोमध.

आज रविवार. दहा वाजता स्टुडिओ उघडला, स्टूल पुसून जागेवर ठेवलं, साइट उघडली. फोटोखाली कुणा अनोळखी माणसानं लिहिलंय, जागा चुकलेली दिसते, तिथं पाणी आहे. मी मराठीत उत्तर दिलं, एकेक अक्षर शोधत.

"जागा बरोबर आहे. आम्ही तिथंच राहत होतो."